'गॅस भरा' म्हणण्याआधी: जुन्या ट्रकच्या एसीचं प्रेशर कसं वाचायचं?

मी हिंजवडी फेज २ मध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. आमच्याकडे एकच बग तीन वेळा 'फिक्स' होऊन परत आला, तर चौथ्या वेळी कोणी कोड बदलायला जात नाही. आधी विचारतात, 'मूळ कारण सापडलंय का?'

माझ्या मामांच्या ट्रकच्या एसीचं नेमकं हेच झालं होतं. मामा माणला राहतात, म्हणजे आयटी पार्कच्या अगदी पाठीला. ट्रक २०१३ सालचा. चाकणच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग भरायचे आणि कोल्हापूरला पोचवायचे, हा त्यांचा धंदा. मार्चमध्ये एसी गार हवा देईना. एका गॅरेजमध्ये गॅस भरला. पंधरा दिवसांनी दुसरीकडे पुन्हा भरला. एप्रिलमध्ये तिसऱ्याने सांगितलं, "कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल." खर्च तीस हजारांच्या घरात.

मामांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. भर उन्हात इंजिनाशेजारी बसून खंबाटकी चढायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. म्हणून मी म्हटलं, "मामा, तीस हजार घालायच्या आधी एक रविवार मला द्या."

त्या रविवारी मला जे कळलं ते इथे सांगतोय. तुमच्या घरी ट्रक नसेल तरी वाचा. कार, पिकअप, स्कूलबस, सगळीकडे तत्त्व हेच आहे.

एसीत गॅस 'संपतो' का?

नाही. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. गळती शोधायची नाही आणि नुसता गॅस भरायचा, हे पंक्चर न काढता रोज हवा भरण्यासारखं आहे. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतो, हे खरं. पण पंधरा दिवसांत थंडावा गेला, तर ते झिरपणं नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. एसी गार करत नाही याचा अर्थ गॅस कमी आहे, असा होतच नाही. गॅस जास्त झाला तरी एसी गार करत नाही.

आधी कुकर आणि सिलिंडर आठवा

प्रेशर समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे.

उघड्या भांड्यात पाणी पुण्यात साधारण ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून ९५-९६ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणजे दाब वाढवला की उकळण्याचं तापमान वाढतं, दाब कमी केला की तेही उतरतं.

एसी हाच खेळ वेगळ्या द्रवाबरोबर खेळतो. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्यावर तो उणे २६ अंशांनाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो आणि पुढच्या जाळीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे पाठवतो. तिथे वाऱ्याने उष्णता निघून जाते आणि गॅसचा द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो केबिनच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. दाब एकदम उतरतो, द्रव उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढतो. गार हवा ती हीच.

म्हणून एसीला दोन बाजू असतात. कॉम्प्रेसरपासून व्हॉल्व्हपर्यंत हाय साइड, व्हॉल्व्हपासून परत कॉम्प्रेसरपर्यंत लो साइड. मेकॅनिककडे लाल आणि निळं अशी दोन गेज असतात ती याचसाठी. लाल हायचं, निळं लोचं. आर-१३४एच्या गाड्यांत दोन्ही पोर्टची मापंही मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, लोचं १३ मिमी आणि हायचं १६ मिमी, म्हणजे पाइपांची अदलाबदल होत नाही.

आता सिलिंडर. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असो की अर्धा, शेगडीची ज्योत सारखीच असते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब ठरतो तो फक्त तापमानावरून. म्हणून सिलिंडर घेताना आपण काट्यावर वजन बघतो, दाब नाही.

बंद गाडीच्या एसीचंही असंच. आर-१३४एचे आकडे साधारण असे आहेत:

- २० अंश: ६८ पीएसआय
- २५ अंश: ८२ पीएसआय
- ३० अंश: ९७ पीएसआय
- ३५ अंश: ११४ पीएसआय
- ४० अंश: १३३ पीएसआय

हा तक्ता फोनमध्ये ठेवा. डॅनफॉस कंपनीच्या रेफ टूल्स नावाच्या अॅपमध्ये तो सरकपट्टीसारखा मिळतो, तापमान सरकवलं की दाब दिसतो.

दुसऱ्या गॅरेजमध्ये चूक कुठे झाली?

हा तक्ता बघितला आणि मला मामांची जुनी गोष्ट एकदम उलगडली.

पहिल्या ठिकाणी तर गेज लावलंच नव्हतं. पाइपला हात लावला, म्हणाले गॅस कमी आहे, भरला. दुसऱ्या ठिकाणी मामा पहाटे सहाला पोचले होते. गाडी रात्रभर उभी, इंजिन बंद. गेजने सत्तरच्या आत आकडा दाखवला. मेकॅनिक म्हणाला, "शंभरच्या वर पाहिजे, गॅस कमी आहे." आणि भरला.

पहाटे हवा विशीतली होती. २० अंशांना ६८ पीएसआय हा अगदी बरोबर आकडा आहे! त्याने कधीतरी दुपारी बघितलेला आकडा डोक्यात धरला आणि पहाटेच्या गाडीला लावला. आत ७०० ग्रॅम गॅस असो की हजार, त्या वेळी गेजने ६८च दाखवलं असतं.

मग बंद गाडीवर गेज लावायचं कशाला? दोन गोष्टी कळतात. आकडा तक्त्यापेक्षा खूपच कमी असेल, तर आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे मोठी गळती. आकडा तक्त्यापेक्षा बराच जास्त असेल, तर आत हवा शिरलीये किंवा भलताच गॅस मिसळलाय. बाकी गॅस किती आहे, हे बंद गाडीचं गेज सांगू शकत नाही. ते सांगतो फक्त वजनकाटा.

चालू गाडीत दोन्ही आकडे जोडीने वाचा

खरं निदान इंजिन चालू, एसी फुल्ल, पंखा फुल्ल, दारं उघडी ठेवून होतं. बाहेर ३५ अंशांच्या आसपास असेल तर तब्येतीत असलेली गाडी लो साइडला साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २६० दाखवते. गाडीप्रमाणे फरक पडतो, पण एकटा आकडा कधी बघू नका. जोडी बघा.

दोन्ही कमी. गॅस खरंच कमी आहे. कॉम्प्रेसर पटापट चालू-बंद होतो. आधी गळती शोधा. जोडांवर तेलकट डाग आणि त्यावर बसलेली धूळ, ही पहिली खूण.

दोन्ही जास्त. गॅस जास्त झालाय, किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाहीये, किंवा आत हवा शिरलीये.

लो जास्त, हाय कमी. दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले. कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाहीये. कॉम्प्रेसरवर संशय घ्यायची योग्य वेळ ही.

लो फारच कमी, अगदी शून्याकडे. वाटेत कुठेतरी तुंबलंय, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर. थोडा वेळ गार, मग बंद, दहा मिनिटं थांबलं की परत गार, असं होत असेल तर आतल्या ओलाव्याचा बर्फ व्हॉल्व्हमध्ये अडकत असतो.

दोन्ही बरोबर, तरी हवा गरम. मग दोष एसीत नाही. जुन्या ट्रकमध्ये हीटरचा पाण्याचा कॉक नीट बंद होत नाही आणि गार हवेत इंजिनाची गरमी मिसळते. नाहीतर केबिनचा फिल्टर चोंदलेला असतो.

मामांच्या गाडीचे आकडे

रविवारी दुपारी आम्ही निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. तिथे जाण्याआधी मी फक्त फोन वापरून तीन गोष्टी करून ठेवल्या होत्या.

एक, मामांना नीट प्रश्न विचारले. "गार कधी होतं आणि कधी नाही?" मामा म्हणाले, "हायवेला बरं असतं रे. चाकणच्या चौकात नाहीतर वाकडच्या पुलाखाली अडकलो की गरम वाफ." हे पहिल्यांदा गॅस भरायच्या आधीपासून होतं का? होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कधी दिसतो हे कळलं, म्हणजे अर्धं काम झालं. वाऱ्यात बरं आणि उभ्याने वाईट, हा बोट सरळ कंडेन्सरकडे दाखवणारा पुरावा आहे.

दोन, कॉम्प्रेसरच्या क्लचचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला, लांबून. तो कधी बसतो, कधी सुटतो, त्याच्या वेळा लिहून ठेवल्या.

तीन, सेल्फी स्टिकला फोन लावला, टॉर्च चालू केला आणि इंजिन बंद असताना कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत घातला. डोळ्यांना जे कधीच दिसत नाही ते स्क्रीनवर दिसलं. बाहेरून स्वच्छ वाटणाऱ्या जाळीमागे चाकणच्या धुळीचा आणि उसाच्या पाचटाचा नुसता गालिचा बसला होता.

मेकॅनिककाकांनी व्हिडिओ दोनदा बघितला, काही बोलले नाहीत आणि दोन्ही गेज लावली. बाहेर ३६ अंश. लो ६२, हाय ३४०. हाय चढत चढत ३९०ला गेलं आणि खट्! क्लच सुटला.

"कॉम्प्रेसर गेलेला असता तर ३९० कुठून आले असते?" काका म्हणाले. एवढंच.

आता क्लच का सुटला ते बघा. तुम्ही दुपारी उन्हात गेम खेळत बसलात की फोन काय करतो? ब्राइटनेस कमी करतो, गेम अडखळतो, चार्जिंग थांबवतो. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. एसीतही प्रेशर स्विच असतो. हाय साइडचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला, बऱ्याच गाड्यांत ती ४००च्या आसपास असते, की तो कॉम्प्रेसरची वीज तोडतो. मामांचा कॉम्प्रेसर 'गेलेला' नव्हता. तो जीव वाचवत होता. आणि त्या वाचवण्यालाच आजार समजून तो बदलायला सांगितला गेला होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची

यानंतर काकांनी जे केलं ते आमच्या ऑफिसात शिकवावं असं होतं.

आधी कंडेन्सरवर साध्या पाइपने पाणी मारलं. हाय ३४०वरून २७०वर उतरलं आणि केबिनची हवा लगेच बदलली. ही चाचणी फुकट आहे आणि तिचा अर्थ सरळ आहे: उष्णता बाहेर काढायला मदत केली की दाब उतरतो.

मग कंडेन्सर सैल करून मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. जोरदार प्रेशर वॉशर मारला की पातळ पात्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो, हे लक्षात ठेवा. पंख्याची पकडही तपासली. जुन्या ट्रकमध्ये इंजिनवर चालणारा व्हिस्कस फॅन ढिला पडला की हेच लक्षण दिसतं. तो ठीक होता.

पुन्हा गेज. लो ४८, हाय ३००. सुधारलं, पण अजून जास्तच. वारा आता मोकळा होता, म्हणजे दुसरं कारण शिल्लक होतं.

मग मशीन लावून सगळा गॅस बाहेर काढला आणि काट्यावर घेतला. गाडीच्या स्टिकरवर लिहिलं होतं ७०० ग्रॅम. निघाला १०६० ग्रॅम.

दोन वेळा 'कमी आहे' म्हणून भरलेला गॅस तो हाच. मूळ दुखणं धुळीचं होतं, वरचं दुखणं औषधाचं. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, वाफेला द्रव व्हायला जागाच उरत नाही, दाब चढतो. आधीच धूळ, त्यात ही गर्दी.

पाऊण तास व्हॅक्यूम केला, काटा हलत नाही म्हणजे गळती नाही याची खात्री केली आणि मोजून ७०० ग्रॅम भरले. शेवटचे आकडे: लो ३६, हाय २३५. तक्त्यात बघा, ३६ पीएसआय म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये गॅस ५ अंशांना उकळतोय आणि २३५ म्हणजे कंडेन्सरमध्ये साधारण ६० अंशांना द्रव होतोय. बाहेर ३६ अंश असताना ६० अंशांची जाळी हवेला उष्णता आरामात देते. जाळीतल्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने १० अंश दाखवले. सगळं मिळून खर्च तीस हजारांच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसला.

जादा गॅस हवेत का सोडायचा नाही?

कारण तो मोजूनमापून घातक आहे. १०० वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए जवळपास १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. मामांच्या गाडीतले जादा ३६० ग्रॅम नुसते 'फुस्स' केले असते तर ते अर्ध्या टनाच्या वर गेले असते. याआधीचा आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने हटवला. आर-१३४एसारखे गॅस कमी करायच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणून गॅस काढून परत वापरणारं मशीन आहे का, हे विचारूनच गॅरेज निवडा.

हे स्वतः करू नका

- पोर्टची टोपी काढून किंवा डबा विकत घेऊन घरी गॅस भरू नका. सुटलेला गॅस कातडी आणि डोळे गोठवतो.
- चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ फोन किंवा हात नेऊ नका. ढगळ बाही, ओढणी, हेडफोनची वायर, काहीच नको.
- स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीसारखा जळणारा गॅस मिसळू देऊ नका. गळती झाली तर केबिनमध्ये ठिणगीची वाट बघत बसल्यासारखं आहे.
- कारसाठी मिळणारा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल ट्रकला लावू नका. तो १२ व्होल्टसाठी असतो, मोठा ट्रक २४ व्होल्टवर चालतो. आणि मामांच्या गाडीतला प्रेशर स्विच फक्त 'चालू' नाहीतर 'बंद' एवढंच बोलतो, त्यामुळे अॅपला आकडा मिळालाच नसता.

गॅरेजमध्ये विचारायचे चार प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. दोन्ही गेज लावणार का? मी फोटो काढू का?
२. आकडे घेताना बाहेर तापमान किती होतं आणि इंजिन चालू होतं की बंद?
३. गॅस काट्यावर मोजून भरणार की अंदाजाने? स्टिकरवर किती लिहिलंय?
४. गॅस कमी असेल तर गळती कुठे आहे?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. आमचे काका तर खूश झाले, म्हणाले, "विचारणारं गिऱ्हाईक बरं, परत भांडायला येत नाही."

२०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीये. ड्रायव्हरसाठी ही फार चांगली गोष्ट आहे. पण रस्त्यावर आज धावणारे कितीतरी ट्रक मामांच्या ट्रकसारखे जुने आहेत आणि आजचे नवे ट्रकही दहा वर्षांनी जुने होणार आहेत. एसी बसवण्याचा नियम सरकार करू शकतं. तो बंद पडल्यावर 'गॅस भरा' हे उत्तर ऐकून घ्यायचं की नाही, ते आपल्याला ठरवायचंय.

परवा मामांचा फोन आला. चाकणच्या रांगेत उभे होते, दुपारचे दोन वाजलेले. म्हणाले, "ऐक," आणि फोन केबिनच्या जाळीजवळ धरला. नुसता वाऱ्याचा आवाज. क्लच सुटल्याचा 'खट्' काही आला नाही.